४० नॅनोमीटर सोन्यावर अँटी-ईजीएफआर: एकदा पीबीएसमध्ये जांभळं झालं, एकदा लाल राहून सगळ्याच पेशींना चिकटलं

काचपट्टी (प्रश्न)

नमस्कार. डार्क फील्ड सूक्ष्मदर्शकाखाली (काळ्या पार्श्वभूमीवर फक्त विखुरलेला प्रकाश दाखवणाऱ्या) पेशींवरचा ईजीएफआर (पेशीच्या पृष्ठभागावरचं एक ग्राही प्रथिन, म्हणजे रिसेप्टर) दाखवायचा आहे, त्यासाठी ४० नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणांवर त्याला धरणारी अँटिबॉडी बसवतो आहे. पेशी दोन प्रकारच्या, दोन्ही पुण्याच्या एनसीसीएसच्या पेशीसंग्रहातून घेतलेल्या: ए४३१, जिच्यावर ईजीएफआर भरपूर असतो, आणि एमसीएफ-७, जिच्यावर अगदी कमी.

सोनं सायट्रेटवालं, ओडी (प्रकाश शोषण्याचं माप) १, शोषणाचं शिखर ५२६ नॅनोमीटरला, पट्टीवर पीएच साधारण ६. अँटिबॉडी उंदराची मोनोक्लोनल, ०.२ मिग्रॅ/मिली, पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या खारट बफरमध्ये), ०.०९ टक्के सोडियम अझाइडसह.

पहिल्या खेपेला १ मिली सोन्यात ५ मायक्रोलिटर अँटिबॉडी (१ मायक्रोग्रॅम) टाकली आणि अर्धा तास ठेवली. सेंट्रिफ्यूज करून १एक्स पीबीएसमध्ये घेताच रंग जांभळा-निळा. दुसऱ्या खेपेला २५ मायक्रोलिटर (५ मायक्रोग्रॅम) टाकली, नंतर १ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन). रंग लाल राहिला, पीबीएसमध्येही टिकला. पण डार्क फील्डमध्ये ए४३१ आणि एमसीएफ-७ सारख्याच दिसतात, दोन्हीकडे तुरळक ठिपके.

अँटिबॉडी नेमकी किती घ्यायची? दोन्ही पेशी सारख्या का दिसतात? नुसतं चिकटवणं सोडून ईडीसी या जोडणाऱ्या रसायनाने पक्कं जोडावं का?

विलयन

आधी एक विचारतो: अँटिबॉडीच्या कुपीच्या माहितीपत्रकावर बीएसए किंवा जिलेटिन लिहिलंय का? ०.२ मिग्रॅ/मिली एवढ्या पातळ अँटिबॉडीत टिकवण्यासाठी बहुतेक वेळा काहीतरी प्रथिन घातलेलं असतं. असेल तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. तोवर पहिल्याचं बघू.

सायट्रेटचे कण एकमेकांपासून लांब राहतात ते फक्त ऋण प्रभारामुळे. पीबीएसमध्ये १३७ मिलीमोलर मीठ असतं. त्या मिठाने प्रभार झाकला जातो, कण जवळ येतात आणि चिकटतात. प्रथिनाचा थर पूर्ण बसला असेल तरच सोनं मिठात तग धरतं. १ मायक्रोग्रॅममध्ये तो थर पूर्ण होणारच नव्हता. हिशोब करून बघा: ४० नॅनोमीटरच्या कणाचं पृष्ठफळ साधारण ५,००० चौरस नॅनोमीटर. एका आयजीजीला (अँटिबॉडीच्या एका रेणूला) ५० चौरस नॅनोमीटर जागा धरली तर कणावर १०० मावतात. ओडी १ ला १ मिलीत सुमारे ९×१०^१० कण असतात, म्हणजे ९×१०^१२ अँटिबॉडी, म्हणजे सव्वादोन मायक्रोग्रॅम. हा कागदावरचा आकडा. सगळी अँटिबॉडी कणावर जात नाही, थोडी नळीच्या भिंतीलाही लागते, म्हणून प्रत्यक्षात ४ ते ८ मायक्रोग्रॅम प्रति मिली लागतात. नेमका आकडा तुमच्याच अँटिबॉडीवर काढायचा, दुसऱ्याचा उसना घेऊन चालत नाही.

तो काढण्याची मिठाची चाचणी जुनी आहे आणि आजही तिच्याइतकं स्वस्त काही नाही. आठ नळ्या घ्या. प्रत्येकीत पीएच बसवलेलं सोनं ५०० मायक्रोलिटर. अँटिबॉडी २ मिलीमोलर बोरेटमध्ये (पीएच ८.५) अशी पातळ करा की दर नळीत बरोबर ५० मायक्रोलिटरच जातील, पण मात्रा प्रति मिली सोनं ०, १, २, ३, ४, ५, ६, ८ मायक्रोग्रॅम अशी पडेल. सगळीकडे घनफळ सारखंच हवं, नाहीतर रंगाची तुलना फसते. १५ मिनिटांनी प्रत्येकीत १० टक्के मिठाचं पाणी ५० मायक्रोलिटर. शेवटी मीठ ०.८३ टक्के होतं, म्हणजे जवळपास पीबीएसइतकंच. १० मिनिटांनी ६५० आणि ५२६ नॅनोमीटरला शोषण मोजा आणि भागाकार घ्या. ताज्या सोन्यात तो साधारण ०.१ असतो. गुठळ्या झालेल्या नळीत शिखर बसतं आणि ६५० ची बाजू वर येते. ज्या मात्रेपासून भागाकार खाली स्थिर होतो, तिच्यावर १० ते २० टक्के जास्त घ्या. दुपटीने घेऊ नका. जादा अँटिबॉडी कणावर सैल बसते, पुढे सुटते आणि पेशीवरच्या रिसेप्टरवर कणाच्या आधी जाऊन बसते.

आता पीएच. पीएच ६ ला बऱ्याच आयजीजींवर धन प्रभार असतो. अशी अँटिबॉडी दोन ऋण कणांच्या मधे पुलासारखी बसते आणि मीठ पडण्याआधीच गुठळी सुरू होते. आयसोइलेक्ट्रिक बिंदूच्या (ज्या पीएचला प्रथिनावरचा एकूण प्रभार शून्य होतो) किंचित वर ठेवायचं. मोनोक्लोनलमध्ये तो साधारण ६.५ ते ९ च्या पट्ट्यात कुठेही असू शकतो, म्हणून वरची चाचणी पीएच ७.५, ८, ८.५ आणि ९ अशा चारही ठिकाणी एकदा करून ठेवा. पीएच वाढवायला ०.१ मोलर पोटॅशियम कार्बोनेट, १ मिलीला ५ ते १० मायक्रोलिटर, थोडं थोडं. आणि पीएच मीटरचं इलेक्ट्रोड उघड्या सोन्यात बुडवू नका. त्याच्यातून झिरपणाऱ्या पोटॅशियम क्लोराइडने सोनं तिथल्या तिथे गोठतं आणि सच्छिद्र जोडात अडकून इलेक्ट्रोडही खराब होतं. पट्टी वापरा, किंवा एक छोटा नमुना वेगळा काढून त्यात १ टक्का पेग (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) २०,००० चे थेंब टाका, मग त्यात मीटर लावा आणि तो नमुना फेकून द्या.

अझाइड काढलाच पाहिजे. अझाइडचा आयन सोन्याच्या पृष्ठभागावर बसतो आणि अँटिबॉडीची जागा खातो. डिसॉल्टिंग कॉलम किंवा ३० किलोडाल्टनची फिल्टर नळी (त्याहून लहान रेणू गाळून टाकणारी), तीन-चार वेळा बोरेट भरून फिरवली की अझाइड आणि पीबीएसचं मीठ दोन्ही जातं. इतक्या कमी मिठात काही अँटिबॉडी हळूहळू गुठळ्या होऊन तळाला बसायला लागतात, म्हणून हे काम जोडण्याच्या दिवशीच करा आणि वापरण्याआधी १०,००० जी ला (गुरुत्वाच्या १०,००० पट) १० मिनिटं फिरवून वरचं द्रव घ्या.

काचपट्टी

माहितीपत्रक पाहिलं. बारीक अक्षरात "बीएसए १ मिग्रॅ/मिली" असं आहे.

विलयन

मग उलगडा झाला. १ मिग्रॅ/मिली बीएसए म्हणजे सुमारे १५ मायक्रोमोलर. ०.२ मिग्रॅ/मिली आयजीजी म्हणजे १.३ मायक्रोमोलर. दर अँटिबॉडीमागे ११ बीएसए. बीएसए आकाराने लहान, लवकर पोचतो आणि तोही सोन्याला तितकाच घट्ट धरतो. दुसऱ्या खेपेत तुम्ही ५ मायक्रोग्रॅम अँटिबॉडीबरोबर २५ मायक्रोग्रॅम बीएसए घातला. सोनं लाल राहिलं ते त्या बीएसएमुळे. तुमच्या नळीत मुख्यतः बीएसएने मढवलेलं सोनं आहे आणि ते ए४३१ ला ओळखणार कसं?

म्हणून हे पक्कं लक्षात घ्या: मिठाची चाचणी "थर पूर्ण झाला" एवढंच सांगते, "थर अँटिबॉडीचा आहे" हे सांगत नाही. शुद्ध अँटिबॉडी असेल तरच दोन्हींचा अर्थ एक होतो.

बीएसए ६६ किलोडाल्टनचा, ३० च्या फिल्टरमधून तो जाणार नाही. १०० च्या फिल्टरमधूनही अर्धवटच जातो. प्रोटीन जी कॉलमवर अँटिबॉडी धरून बीएसए धुऊन टाकता येतो (उंदराची आयजीजी१ असेल तर प्रोटीन ए तिला नीट धरत नाही, जी घ्या). पण कुपीत १०० मायक्रोलिटर म्हणजे फक्त २० मायक्रोग्रॅम. एवढ्यात निम्मी कॉलमवरच हरवेल. शिवाय अँटिबॉडी पीएच २.५ ते २.८ च्या ग्लायसिनमध्ये उतरते, तिला ट्रिस बफरने सावरायचं आणि मग तो ट्रिस काढायचा. माझं मत स्पष्ट आहे: त्याच क्लोनची बीएसए-विरहित, अझाइड-विरहित, १ मिग्रॅ/मिली कुपी मागवा. महाग पडते, पण वाया जाणारं सोनं आणि आठवडे धरले तर स्वस्तच.

ती आल्यावर मोठी खेप अशी करा. १० मिली सोन्यासाठी लागणारी अँटिबॉडी १ मिली बोरेटमध्ये घ्या आणि त्यावर सोनं झटकन ओता, चुंबकी ढवळणी चालू ठेवून. घट्ट अँटिबॉडी थेंबाथेंबाने सोन्यात सोडली तर जिथे थेंब पडतो तिथल्या कणांवर भरपूर बसते आणि बाकीचे उघडे राहतात. ३० मिनिटं सावकाश फिरवा. मग १० टक्के बीएसए (पीएच ९ ला आणलेला, ०.२२ मायक्रॉनमधून गाळलेला) असा घाला की शेवटी १ टक्का होईल. आणखी ३० मिनिटं. मग ४ अंशांना ४,००० जी, २० मिनिटं.

पेलेटकडे (तळाला बसलेल्या सोन्याकडे) नीट बघा, तिथेच खेप कशी झाली ते कळतं. चांगल्या खेपेत तळाला गडद लाल, पातळ मधासारखा थेंब असतो. नळी तिरपी केली की तो सरकतो आणि हलक्या पिपेटिंगने लगेच विरघळतो. नळीच्या भिंतीला काळपट पट्टा चिकटून बसला आणि हलवूनही सुटत नसेल तर तो भाग गेला, त्याला व्होर्टेक्स करून परत आणायचा प्रयत्न करू नका. वरचं द्रव काढून २० मिलीमोलर ट्रिस (पीएच ८.२), १५० मिलीमोलर मीठ, १ टक्का बीएसए यात परत घ्या आणि असं दोनदा धुवा. सुटी अँटिबॉडी या धुण्यातच जाते, कंटाळून एकदाच धुतलं तर पुढे प्रतिमेत फटका बसतो.

४,००० जी हा आकडा ४० नॅनोमीटरसाठीच. कण बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गावर जातो. २० नॅनोमीटरला १५,००० जी च्या आसपास अर्धा तास हवा, १० नॅनोमीटरला तर अल्ट्रासेंट्रिफ्यूजच.

पेगसाखळी

ईडीसीबद्दल विचारलंय म्हणून लिहिते. पेशी धुवून, काचेवर बसवून लगेच बघायच्या असतील तर नुसतं चिकटवणं पुरतं. १९७१ पासून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी सोन्यावर अँटिबॉडी अशीच बसवत आले आहेत. पण कण सीरमवाल्या माध्यमात तासन् तास राहणार असतील तर सीरममधली प्रथिनं चिकटलेल्या अँटिबॉडीला हळूहळू ढकलून तिची जागा घेतात. तिथे पेगवरून पक्कं जोडणं योग्य.

एका टोकाला थायॉल आणि दुसऱ्या टोकाला कार्बॉक्सिल असलेलं ५ किलोडाल्टनचं पेग घ्या, ओडी १ च्या १ मिलीला ४० मायक्रोग्रॅम. हे भरपूर जास्त आहे आणि मुद्दाम जास्त आहे, कारण कमी पडलं तर ईडीसीच्या पायरीला सोनं गोठतं. रात्रभर ठेवा, ०.०२ टक्के ट्वीन-२० च्या पाण्याने तीनदा धुवा. मग पीएच ५.५ ते ६ च्या १० मिलीमोलर एमईएस बफरमध्ये ईडीसी आणि सल्फो-एनएचएस (दोन्ही मिळून कार्बॉक्सिलचं टोक जोडणीसाठी तयार करतात), १५ ते ३० मिनिटं. एकदा फिरवून जादा काढा, पीएच ७.४ ते ८ च्या १० मिलीमोलर फॉस्फेटमध्ये घ्या, लगेच अँटिबॉडी १० ते २० मायक्रोग्रॅम, दोन ते चार तास. शेवटी ट्रिस किंवा इथेनॉलअमाइनने उरलेली टोकं बंद करा, मग बीएसए.

इथे बहुतेकांचं काम दोन ठिकाणी बिघडतं. पहिलं ईडीसी. ती पावडर हवेतलं पाणी ओढते. उणे २० मधून काढलेली बाटली खोलीच्या तापमानाला येण्याआधी उघडली की आत दव धरतं आणि पुढच्या प्रत्येक वापराला तिची ताकद कमी होत जाते. छोट्या भागांत भरून ठेवा, द्रावण वापरायच्या मिनिटालाच करा. दुसरं वेळ. एनएचएसचं टोक पाण्यात तुटत जातं, पीएच जितका जास्त तितकं लवकर. पीएच ७ ला शून्य अंशांवर चार-पाच तास निम्मं उरतं, पण ८.६ ला ४ अंशांवर दहा मिनिटांतच निम्मं संपतं. धुण्यात वेळ घालवला तर अँटिबॉडी पोचेपर्यंत जोडायला काही राहत नाही. आणि या सगळ्यात ट्रिस किंवा ग्लायसिन कुठेही नको, त्यांचे अमाइन अँटिबॉडीच्या आधी जोडले जातात.

अँटिबॉडीची दिशाही महत्त्वाची. ईडीसी जो लायसिन (एक अमिनो आम्ल) सापडेल त्याला जोडतं, त्यामुळे काही अँटिबॉडींची ईजीएफआर धरणारी बाजू सोन्याकडेच तोंड करून बसते. हे टाळायचं तर अँटिबॉडीच्या शेपटीकडच्या, म्हणजे एफसी भागावरच्या शर्करेला साधारण १० मिलीमोलर सोडियम पेरियोडेटने अंधारात ३० मिनिटं ऑक्सिडाइज करून, हायड्राझाइड-पेग-डायथायॉल जोडणीवरून एफसी सोन्याकडे बसवता येतो. पेरियोडेट जास्त वेळ ठेवला तर अँटिबॉडीतली अमिनो आम्लंही बिघडतात, म्हणून घड्याळ लावून करा.

तुमच्या कामासाठी मी आत्ता ईडीसीकडे जाणार नाही. आधी शुद्ध अँटिबॉडीने साधी पद्धत चालते का ते बघा.

काचपट्टी

बीएसए-विरहित कुपीवर मिठाची चाचणी झाली, पीएच ८.५. ६५०/५२६ चा भागाकार असा आला: ० ला ०.८६, १ ला ०.७१, २ ला ०.४४, ३ ला ०.२१, ४ ला ०.१३, ५ ला ०.११, ६ ला ०.११, ८ ला ०.१२. मी ५ धरून ६ मायक्रोग्रॅमवर जातोय. जोडल्यावर शिखर ५३१ ला आलं. हे ठीक आहे का? आणि अँटिबॉडी खरंच कणावर आहे हे पेशी खर्ची न घालता कसं कळेल?

विलयन

६ बरोबर. ५ नॅनोमीटरचं सरकणं प्रथिनाच्या थराशी जुळतं. शिखर १० च्या वर सरकलं किंवा ६०० ते ७०० मधे खांदा उठला तर गुठळ्या समजा. डीएलएस (विखुरलेल्या प्रकाशावरून कणाचा व्यास मोजण्याचं तंत्र) मिळत असेल तर व्यास आधीच्या ४२-४५ नॅनोमीटरवरून ६० ते ६५ च्या आसपास यायला हवं. १०० च्या वर गेलं तर ते एकट्या कणांचं विलयन नाही.

खात्रीसाठी ठिपका चाचणी करा. नायट्रोसेल्युलोजच्या पट्टीवर अँटी-माउस आयजीजी (१ मिग्रॅ/मिली) १ मायक्रोलिटर, शेजारी बीएसए १ मायक्रोलिटर. वाळू द्या. १ टक्का बीएसएमध्ये अर्धा तास. मग ओडी १ चं तुमचं सोनं एका पट्टीवर आणि नुसतं बीएसए-सोनं दुसरीवर. ५ ते १० मिनिटांत पहिल्या पट्टीवर अँटी-माउसच्या जागी गुलाबी ठिपका उमटायला हवा, बाकी तिन्ही जागा पांढऱ्या. जुन्या खेपेचं सोनं उरलं असेल तर तेही लावून बघा, फरक डोळ्यांना दिसेल. ही चाचणी अँटिबॉडी आहे एवढंच सांगते, ती ईजीएफआर धरते का ते पेशीच सांगणार.

तेलभिंग

प्रतिमेच्या बाजूने काही गोष्टी, कारण चांगलं सोनं असूनही इथे घोटाळा होतो.

फिक्स करून लेबल करत असाल तर ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड १० ते १५ मिनिटं, आणि त्यानंतर ५० मिलीमोलर ग्लायसिन १० मिनिटं. ही ग्लायसिनची पायरी गाळू नका. उरलेले आल्डिहाइड समोर येणाऱ्या कुठल्याही प्रथिनाचे अमाइन पकडतात, म्हणजे तुमच्या कणावरची अँटिबॉडीही. मग ए४३१ असो की एमसीएफ-७, सगळीकडे सोनं चिकटतं आणि दोष अँटिबॉडीला जातो. जिवंत पेशींवर करणार असाल तर ४ अंशांवर ३० मिनिटं. ३७ अंशांवर ईजीएफआर कणासकट १५ ते ३० मिनिटांत पेशीच्या आत ओढला जातो आणि पेशीपटलावरची कड दिसेनाशी होऊन केंद्रकाभोवती ठिपके जमतात. ते चुकीचं नाही, पण तो वेगळा प्रयोग आहे.

काच ०.१७ मिमीची, स्वच्छ. पीबीएस गाळलेलं. डार्क फील्डमध्ये धुळीचा कण सोन्यापेक्षा कितीतरी जास्त चमकतो. आणि कंडेन्सर तेलाचा, १.२ ते १.४ एनए (भिंग किती रुंद कोनातला प्रकाश घेतं त्याचं माप), भिंगाचा एनए त्याहून कमी, नाहीतर पार्श्वभूमी काळी होतच नाही.

एकटा ४० नॅनोमीटरचा कण मंद हिरवा दिसतो. विखुरण्याची ताकद व्यासाच्या सहाव्या घातावर जाते, म्हणून २० नॅनोमीटरचा कण ६४ पट मंद आणि ८० चा ६४ पट तेजस्वी. पेशीच्या स्वतःच्या चकाकीत ४० चे एकटे कण हरवत असतील तर ६० किंवा ८० वर जाणं योग्य, त्यासाठी मिठाची चाचणी नव्याने करावी लागेल.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. ए४३१ वर पेशीची कड पिवळी-नारिंगी दिसली तर घाबरू नका. तिथे रिसेप्टर दाटीने असतात, कण एकमेकांच्या अगदी जवळ येतात, त्यांचे प्लाझमॉन (सोन्यातल्या इलेक्ट्रॉनांचे एकत्रित हेलकावे) जुळतात आणि रंग लालकडे सरकतो. पण नळीतच गुठळ्या झालेलं सोनंही असंच नारिंगी दिसतं. दोन्हींतला फरक सांगणारा नमुना प्रत्येक वेळी लावा: त्याच नळीतल्या सोन्याचा एक थेंब रिकाम्या काचेवर. तिथे सगळे ठिपके हिरवे आणि ए४३१ वर नारिंगी, तर रंग पेशीने दिला. काचेवरही नारिंगी असतील तर ती खेप बाजूला ठेवा.

नियंत्रणं किमान तीन. एमसीएफ-७ तर आहेच. ए४३१ वर त्याच प्रकारच्या, पण ईजीएफआर न ओळखणाऱ्या उंदराच्या आयजीजीचं सोनं. आणि ए४३१ ला आधी ५० ते १०० पट सुटी अँटी-ईजीएफआर देऊन मग तुमचं सोनं. तिसऱ्यात चमक कमी झाली नाही तर जे दिसतंय ते ईजीएफआर नाही. तिन्हींना तोच दिव्याचा प्रकाश, तोच एक्स्पोजर, आपोआप समायोजन बंद.

काचपट्टी

ग्लायसिनची पायरी माझ्याकडे नव्हतीच. ती घालून, तिन्ही नियंत्रणांसह करतो. एकच विचारायचं राहिलं: याच कणावर फ्लुओरेसंट रंगही जोडला तर कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर दिसेल का?

पेगसाखळी

सोन्याच्या इतक्या जवळ बसलेल्या रंगाची ऊर्जा सोनंच खातं, चमक जवळजवळ मरते. फ्लुओरेसन्स हवा असेल तर त्याच अँटिबॉडीला बायोटिन लावून स्ट्रेप्टाव्हिडिनचे क्वांटम डॉट घ्या, कॅडमियम सेलेनाइडवर झिंक सल्फाइडचं कवच असलेले, ६५५ नॅनोमीटरचे. ते रंगासारखे लवकर फिके पडत नाहीत. मात्र एकटा डॉट मधूनमधून लुकलुकतो, त्यामुळे एकाच चित्रावरून मोजणी करू नका, आणि वापरलेलं द्रव कॅडमियमच्या कचऱ्यात टाका, नाल्यात नाही.

विलयन

साठवणीचं राहिलं होतं. धुतलेलं सोनं ओडी ५ ते १० ला, १ टक्का बीएसएसह, ४ अंशांवर. आता ०.०५ टक्के अझाइड चालतो, पृष्ठभाग झाकलेला आहे. गोठवू मात्र नका, बर्फाचे स्फटिक कणांना एकत्र दाबतात आणि वितळल्यावर नळीत काळा चुरा मिळतो. वापरण्याआधी दर वेळी ५०० जी ला २ मिनिटं फिरवून वरचं घ्या आणि शिखर मोजा. ५३१ वरून ते हललं असेल तर त्या दिवशी पेशींवर टाकू नका.